औंदाची रेघ

कपाशीला बोंडं धरली की माझे सोमवार आलेख छापण्यात जायचे. लोणारला एका भाड्याच्या कार्यालयात मी कंत्राटी संशोधन सहायक होतो. बीटी पेरली की अळीची चिंता मिटली, असं सांगणारे एव्हाना दुसरंच काही विकू लागले होते आणि गुलाबी बोंडअळी बीटीच्याच बोंडात सुखाने नांदत होती. गावोगावच्या सापळ्यांत या अळीचे किती पतंग सापडले ते फोनवर कळायचं. मी प्रत्येक गावाचा आलेख काढायचो. औंदाचे पतंग तांबड्या रेघेत, गेल्या वर्षीचे निळ्या, आणि मधून एक आडवी रेघ. औंदाची रेघ आडवीच्या वर गेली तरच फवारायचं. हा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचा.

पडद्यावर सगळं छान दिसे. पण सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग अशी, की काळ्या शाईचा प्रिंटर दिसला की सगळ्या रेघा काळ्याकुट्ट. शिवाय कागद अमेरिकी मापाचा धरायचा, त्यामुळे आपल्या ए-फोरवर उजवी कड कापली जायची, म्हणजे नेमका ताजा आठवडा. मी माप बदलून जतन करायचो. व्हायरसच्या धास्तीने संगणक असा बांधून ठेवला होता, की बंद करून सुरू केला की पुन्हा कोरा. पुढच्या सोमवारी ये रे माझ्या मागल्या. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं बघतं कोण?" भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मग बीबी गावाहून एका बाईंचा फोन आला. कागदाखाली माझा नंबर असे.

"साहेब, फळ्यावरच्या कागदाचा फोटो काढून आनला. यातली औंदाची रेघ कोन्ती हाय?"

"खालची."

"हे वरची म्हनते. म्हनते, फवारा लागते. मांगच्या साली फवारता फवारता वावरातच पडले. अजून यायचे हात कापते."

नवरा गेल्या वर्षीच्या रेघेवर बोट ठेवून पुन्हा फवारायला निघाला होता, आणि तिला त्याला थांबवायचं होतं. माझ्या तोंडच्या शब्दावर तो थांबणार नव्हता, छापलेलंच दाखवायला हवं होतं. मला भयंकर राग आला, आणि तो काढायचा कोणावर तेही कळेना. गेल्या वर्षीची रेघ मी तुटक करून टाकली. तुटक म्हणजे कशी, हे तिला फोनवर समजेना.

"धावदोऱ्यासारखी," मी म्हटलं.

"हाव, मंग समजते."

तेव्हापासून सोमवारी चहाच्याही आधी बीबीचा कागद. माप बदला, रेघ तोडा, छापा. संध्याकाळी तिचा फोन यायचा, "नाही फवारलं." एवढंच. त्या नोकरीत दुसऱ्या कशाचीही मी इतकी वाट पाहिली नाही.

आणि एका सोमवारी औंदाची रेघ आडवीच्या वर गेली. मी सापळ्याचे आकडे पुन्हा विचारून घेतले. तेच होते. त्या दिवशी मूळ सेटिंगवरच छापावं, ताजा आठवडा कापला जाऊ द्यावा, असं खरंच वाटलं. पण छापलं नीट. मीच तिला फोन केला. आता फवारावं लागेल, पण त्यांना पाठवू नका, दुसरा माणूस लावा, हातमोजे, तोंडाला फडकं, वारा पाठीवर घेऊन चालायचं. ती "बरं" म्हणाली.

चार दिवसांनी राहवेना म्हणून विचारलं, झाली का फवारणी?

"झाली. यायले फोटो दाखोलाच नाही. पंप मीच पाठीले लावला."