मेंढ्याचं अर्धं शिंग

गालिचा आला की आधी तो उलटा करायचा. मग वास घ्यायचा. ओला रुमाल लाल रंगावर घासून रुमालाकडे संशयानं बघायचं. दुसऱ्याची कात्री वापरायची नाही. चहा आणणाऱ्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा.

वेहबी उस्तांच्या, आमच्या उस्ताद कारागिराच्या, या सवयी. सुलतानहान या तुर्की कसब्यात ते जुने गालिचे रफू करायचे. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलेला. त्यांच्या दुकानात पडून असायचो. बुधवारी ते गेले. अजून खरं वाटत नाही.

वसंतात राघिप बे हा व्यापारी भोक पडलेला एक गालिचा घेऊन आला. उस्तांनी तो उलटा केला. मेंढ्याच्या शिंगाच्या नक्षीवर त्यांचं बोट थांबलं.

"कुठून आणलास?"

"उस्ता, रस्सा खावा, कोंबडी कुणाची ते विचारू नये."

"मी विचारतो."

राघिप हसला आणि निघून गेला.

मग उस्ता मला म्हणाले, "हात लाव. अर्धं शिंग घट्ट, अर्धं सैल. आई विणत होती, मध्येच कळा सुरू झाल्या. मी झालो. उरलेलं आत्यानं विणलं."

आई गेली तेव्हा तिच्या ताबूतावर, शवपेटीवर, हाच गालिचा घातला होता. रिवाजाप्रमाणे तो पुढे गावच्या मशिदीला दिला. मशिदीची किल्ली त्यांच्या धाकट्या भावाकडे, जाफेरकडे असते.

"म्हणजे जाफेरकाकांनी विकला?"

"तोंड सांभाळ! चोरही शिरला असेल." मग भोकावर बोट ठेवून म्हणाले, "भोक आहे तोवर राघिपला हा परदेशी विकता येत नाही."

राघिप विचारायला आला की उस्तांचं एकच उत्तर, "लोकर जुळत नाही." तो ओरडायचा, "म्हातारा माझा गालिचा गिळतोय!" मलाही एकदा तसंच वाटलं होतं.

या शुक्रवारी ते गावी जाऊन भावाला विचारणार होते. त्याआधीच छातीत कळ आली.

उस्तांचा ताबूत दुकानासमोर ठेवला तेव्हा जाफेर आला. रडला. मग डोळे पुसत माझ्या कानाशी लागला. "पोरा, त्या गालिच्याचं भोक भरून झालं का रे?"

मी त्याला गालिच्याचं काही बोललो नव्हतो. उस्ताही बोलले नव्हते.

"कुठल्या गालिच्याचं, काका?"

तो मागं सरकून गर्दीत मिसळला.

मी आत गेलो. गालिचा आणून ताबूतावर घातला, नक्षी वर करून. मयतीला आलेल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांनी ते शिंग ओळखलं, त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग सगळ्या जाफेरकडे.

भोकाच्या कडेला सुई टोचलेली होती. तंतोतंत जुळणारी लाल लोकर ओवलेली. गाठ एकही मारलेली नव्हती.