बारानंतरचा गूळ

“हायपोग्लायसेमिया,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी तेच सोप्या इंग्रजीत सांगितलं, “रक्तातली साखर फार खाली गेलीय. हा अर्धांगवायू नाही.”

मी एवढंच ऐकलं, की अर्धांगवायू नाही. समोर खाटेवर आई होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं नुसतं घशातल्या घशात. पहाटेपासून जो भेटेल तो हेच म्हणत होता की वारं गेलं अंगावरून. आणि ही तिशीचीसुद्धा नसलेली मुलगी म्हणत होती, नाही म्हणून.

“घाम बघा किती आलाय,” त्या म्हणाल्या. आईच्या कपाळावरून, गळ्यावरून त्यांनी हात फिरवला, तोच हात मला दाखवला. तो ओलाचिंब होता. मग त्यांनी एक भलीमोठी सिरिंज घेतली. त्यात ग्लुकोज होतं, म्हणजे निव्वळ साखरेचं दाट पाणी. ते हळूहळू आईच्या शिरेत सोडायला लागल्या.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे आणि उपासही आहेत त्यांच्यासाठी. उपास कुठल्या धर्माचा, ते गोळीला कळत नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या बौद्ध मंडळींनी श्रीलंकेची यात्रा काढली. रामेश्वरमपर्यंत रेल्वे, पुढे बोट, मग परत रेल्वे. आई म्हणजे कॉलनीतल्या महिला मंडळाची जवळजवळ मालकीणच. विहारात वंदना तिनेच घ्यायची, चुकणाऱ्याला सगळ्यांदेखत तिनेच झापायचं. मूळची नांदगावकडची. शाळा दुसरीपर्यंत, पण पाली गाथा अख्ख्या तोंडपाठ. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच, त्यामुळे मी शिकवायचे त्या नगरपालिकेच्या शाळेत रजा टाकून मीही तिच्याबरोबर निघाले. तिला वर्षभरापूर्वी शुगर निघाली होती. कॉलनीजवळचे आमचे फॅमिली डॉक्टर कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या बांधून द्यायचे. रोज सकाळी एक.

अनुराधपूरला बोधिवृक्षाखाली पौर्णिमेला सगळ्यांनी अष्टशील घेतलं. त्यातलं सहावं शील म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. बाकीच्यांनी ते त्या दिवसापुरतं घेतलं. आईने जाहीर केलं, “मी घरी जाईस्तोवर मोडायची नाय.” मी म्हटलं, आई, तुला शुगर आहे. तर म्हणाली, “मग बरंच हाय की. जेवढं कमी खाईन तेवढी शुगर कमी.” हिशोब इतका सरळ वाटला की मलाही पटला. आमच्याकडे शुगर म्हणजे वाढणारी गोष्ट. ती खाली जाऊनही माणूस मरू शकतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळी मात्र ती रोज सकाळी न चुकता घेत होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी पहाटे मी तिला उठवायला गेले तर ती अशी. अनुराधपूरच्या धर्मशाळेत एकच गोंधळ उडाला. यात्रेचे प्रमुख म्हणाले, सरकारीत नको, चांगल्या खाजगी डॉक्टरकडे नेऊ. मीही मान हलवली. नाशिकला आमच्या घरात हीच रीत. सरकारी दवाखाना म्हणजे ज्याचं कुणी नाही त्याची जागा, असंच डोक्यात बसलेलं. गाडी करून गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे गेलो. पंखा, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर चौकटीत पदव्या. माणूस फार सभ्य. बाहेर येऊन गाडीच्या खिडकीतूनच आईकडे बघून हळहळले आणि म्हणाले, “स्ट्रोक. कोलंबोला माझ्या ओळखीचं नर्सिंग होम आहे, तिकडे न्या. उशीर करू नका.” कोलंबो म्हणजे कितीतरी तासांचा रस्ता. त्यांनी आईला हात लावला नाही हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. उलट वाटलं, केवढे देवमाणूस, चिठ्ठीसुद्धा लिहून दिली.

गाडीचा ड्रायव्हर सिंहली होता. कोलंबोच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी त्याने आम्हाला न विचारता गाडी सरकारी इस्पितळाच्या फाटकात घातली. मी ओरडले. तो हाताने ‘थांबा, थांबा’ एवढंच करत राहिला. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही.

आता परत त्या सिरिंजकडे येते.

अर्धं ग्लुकोज गेलं असेल नसेल, आईचे ओठ सरळ झाले. मग बोटं हलली. मग डोळे उघडले. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी कुणी परकी बाई. मी म्हटलं, “आई, मी कोण? सांग ना.”  डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, बोलणं नीट येतंय का, डोकं ताळ्यावर आहे का? साखर बराच वेळ खाली राहिली की मेंदूला कायमची इजा होते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी नाही, सिंहली नाही. आणि माझ्याशी ती बोलत नव्हती.  बाई वाचली, पण वंदना घेणारी, भांडणारी, मला ओरडणारी ती आई गेली असं वाटलं.

तिथे एक नर्स होती, सोमा नावाची. तिने आईच्या अंगावरची, शील घेतलेले नेसतात ती पांढरी साडी बघितली. आईच्या कानाशी वाकून तिने म्हटलं, “बुद्धं सरणं गच्छामि.”

आईचे ओठ हलले. “धम्मं सरणं गच्छामि,” ती म्हणाली. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. मग संघं. मग दुतियम्पि, ततियम्पि म्हणत तेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मग पंचशीलही, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सोमा बरोबर म्हणत होती, एका हातात सलाईनची नळी धरून. पंचशील संपलं तशी आईने तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “उभ्यानं म्हणत्यात का गं? हात जोड आधी.”

मी तिथेच खाली बसून रडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, नर्सवर खेकसली. “छान,” त्या म्हणाल्या, “म्हणजे मेंदू शाबूत आहे.”

पण गंडांतर टळलं नव्हतं. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. मी पुडी पुढे केली. आत नुसत्या पांढऱ्या गोळ्या, नाव नाही, गाव नाही. त्या रागावल्याच. “तुमच्या देशात औषधाला नाव नसतं का?”  त्या म्हणाल्या, “नाव माहीत नसेल तर मी सगळ्यात वाईट गोळी धरून चालणार. काही गोळ्यांचा असर दोन-दोन, तीन-तीन दिवस राहतो. साखर पुन्हा खाली जाईल. सलाईन चालू राहील, पण ह्यांनी तोंडानेही खायलाच हवं. संध्याकाळी, रात्री, पहाटे.”

यात्रेला पुढे निघायचं होतं. बोटीची तारीख ठरलेली होती. मंडळी रडतरडत निघून गेली आणि परक्या मुलखात आम्ही मायलेकी राहिलो.

संध्याकाळी भाताची पेज आली. आईने तोंड फिरवलं. “शील घेतलंय.” मी हात जोडले, रागावले, वडिलांची शपथ घातली. डॉक्टरीणबाई आल्या, त्या सिंहलीत कडाडल्या. आई ढिम्म. मला म्हणाली, “तिला सांग, मरण आलं तरी बोधिवृक्षाखाली दिलेला शब्द हाय.” आणि हे बोलता बोलता तिच्या कपाळावर पुन्हा घाम दिसायला लागला. मला इतका संताप आला तिचा! आयुष्यात पहिल्यांदा त्या शीलाचाही आला, हेही लिहून टाकते.

सोमा गेली आणि एका थाळीत बिनदुधाच्या चहाचा पेला आणि काळसर गुळाचे खडे घेऊन आली. “गिलन्पस,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. विहारात भिक्खूंना आणि शील घेतलेल्यांना बारानंतर जेवण चालत नाही, पण गूळ, मध चालतो. ते अन्न नव्हे, आजाऱ्याचं औषध. बुद्धाच्या काळापासूनची मुभा आहे. त्यांच्याकडे हे पोरासोरांना ठाऊक. आम्ही धम्म घेतला त्याला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. नियम आम्ही घट्ट धरले, पण त्या नियमाला आजाऱ्यासाठी ठेवलेली खिडकी आमच्यापर्यंत कुणी पोचवलीच नव्हती.

आईचा विश्वास बसेना. “मला फशिवत्यात,” म्हणाली. तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. तिच्याही अंगावर पांढरं. तिने आईच्या थाळीतला गुळाचा तुकडा मोडला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि आईकडे बघून बोळक्या तोंडाने हसली. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वतःही एक खडा उचलून कपाळाला लावला.

रात्रभर सोमा तिला उठवून गूळपाणी देत राहिली. पहाटे साखर पुन्हा खाली गेली, पण लगेच सावरली. उजाडल्यावर आईने पेज अशी ओरपली की विचारू नका. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी नाही. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा कुठे खाली आला. त्या दिवशी मी वॉर्डातल्या नळावर आमच्या दोघींच्या साड्या धुतल्या आणि उगाचच गाणं म्हणत बसले.

त्या इस्पितळाची मी आरती ओवाळत नाही. खाटा कमी, खाटेखालीसुद्धा चटईवर बाया झोपलेल्या. संडासाचं नाव काढायला नको. पण बाजारातल्या भाजीवालीपासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्या त्याच रांगेत, त्याच चटयांवर. निघताना मी बिल द्यायला पर्स उघडली तर कारकुनाला कळेचना मी काय करतेय ते. परदेशी आहोत म्हटलं, तर म्हणाला, आजारी होता ना? आईने हे सगळं बघितलं होतं. 

नाशिकला आल्यावर आई पहिली आमच्या डॉक्टरांकडे गेली आणि पुडी त्यांच्या टेबलावर आपटली. “ह्याला नाव द्या आधी.” बिचारे गोरेमोरे झाले. गोळीचं नाव निघालं क्लोरप्रोपामाइड. जिचा असर लवकर उतरत नाही अशीच ती. डॉक्टर वाईट नव्हते. अडीअडचणीला घरी धावून आलेले आहेत. पण पुडीवर नाव लिहिलं तर पेशंट दुकानातून परस्पर गोळ्या घेईल, ही त्यांना भीती. आणि विचारायची आम्हाला भीती, कारण देवमाणसाला कुणी प्रश्न विचारतं का?

तेव्हापासून आईने सरकारी दवाखाना धरला. नाशिकचं सरकारी म्हणजे अनुराधपूर नव्हे. केसपेपरची रांग, औषधाची रांग, मध्येच ‘आज संपलं, उद्या या’. माझा पगार वाढला, अंबडला कारखाने आले तशी कॉलनीतली घरं सुधारली, सगळे नर्सिंग होमला जायला लागले. आई मात्र आपली रांगेत. एकदा मी वैतागून म्हटलं, “आई, कशाला उभी राहतेस इथे? परवडतं आता आपल्याला.”

ती म्हणाली, “नांदगावकडं आम्हाला एकच डॉक्टर व्हता. पैशे घ्यायचा, लय गोड बोलायचा. नाडी बघायची म्हणलं की आमच्या मनगटावर फडकं टाकायचा, मग वरून बोटं ठेवायचा. माझ्या आयला ताप भरला तवाबी फडक्यावरूनच बघितलं. गेली ती.” मग म्हणाली, “तिथं त्या पोरीनं माझ्या अंगाचा घाम हातानं पुसला. उपकार नाय केला. तिचं कामच व्हतं ते. इथं बी कामच हाय ह्यांचं. आपण रांगच सोडली तर करतील कुणासाठी?”

 ही गोष्ट तिने मला माझी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा सांगितली.

नंबर आला. आत एक नवा, कोवळा डॉक्टर. गर्दीने कावलेला, मान वर न करता कागदावर खरडत होता. “काय होतंय, आजी?”

आईने बांगड्या मागे सारल्या आणि मनगट थेट त्याच्या कागदावर ठेवलं. “आधी हात धर. मग सांगते.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.