सांबराचं मुंडकं

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला, की मी बोलणं झाडांकडे वळवत असे. वनस्पती उद्यानात नोकरी केलेल्या माणसाला ते सोपं जातं.

“आदी भायेर!” असं म्हणून आमच्या संग्रहालयाचे एकुलते एक शिपाई दारात हात आडवा धरत. कर्जतजवळच्या विद्यापीठाच्या उद्यानातच ते छोटं संग्रहालय होतं आणि मी त्याचा प्रमुख होतो. पेंढा भरलेला पक्षी असो की शिंग, नव्या वस्तूला आधी बाहेरच्या खोलीत औषधाच्या पेटीत राहावं लागे. पिसांत, केसांत किडे असतात; ते आत शिरले की कपाटंच्या कपाटं फस्त करतात. शिपायांनी हा नियम जरा जास्तच मनावर घेतला होता. कुलगुरूंच्या सत्काराचा हारही त्यांनी अडवला होता.

“अहो, ताजा आहे हार,” मी म्हणालो.

“किडं पन ताजंच असतात, सायेब.”

पाखरांवर त्यांचा जीव. मऊ कुंचल्यानं धूळ झटकताना कपाटातल्या खंड्या पक्ष्याला म्हणत, “मान वर कर रं.” खंड्या करत नसे. त्यांचाही आग्रह नसे.

एकदा खालापूरकडच्या एका बागायतदारानं आजोबांनी मारलेल्या सांबराचं मुंडकं भेट दिलं. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे यायचे होते. शिपाई जेवायला गेलेले पाहून मी माझ्या किल्लीनं दालन उघडलं आणि मुंडकं भिंतीवर टांगलं.

परतल्यावर त्यांनी मुंडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “याला औषध झालं?”

“बागायतदारांकडेच झालं,” मी म्हणालो.

पावसाळा सरेपर्यंत पाखरांच्या कपाटात भुसा उरला. खंड्याची चोच आणि आतली तार तेवढी शिल्लक होती. चौकशी बसली. सांबराला औषध का दिलं नाही, असं विचारल्यावर शिपाई माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

“दालन माज्या ताब्यात,” ते शेवटी म्हणाले, “चूक पन माजी.”

त्यांना बागेत पाणी घालायला पाठवलं. माळी टोमणा मारत, “काय रं, पाखरं खाल्लीस म्हनं?”

“तिकडं सगळी मेलेली व्हती, इथं जित्ती हायत. बढती झाली माजी.”

संग्रहालयासमोरून मात्र ते कधी जात नसत. पाण्याचा पाइप घेऊन लांबून वळसा घालत.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर ते आजारी असल्याचं कळलं. मी कळंबला गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकलं होतं. ते खाटेवर उठून बसले.

“तवा तुमाला काय तरास नाय ना झाला, सायेब?”

“नाही.”

“बरं झालं.” मग आत बघून बायकोला म्हणाले, “चा ठेव गं, सायेब आलेत.”

चहा झाला. भातावर, गुडघ्यांवर बोलणं झालं. निघताना मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “काळजी घ्या.”

दिवाळीच्या आधी ते गेले. एसटीत घोकलेलं काही अवघड नव्हतं. सांबराला औषध दिलेलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.