पाटाची जागा

लालबागच्या चाळीतली आमची खोली दोन भावांची. थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघं. इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल, सांगू? "जागा खंय आसा?" जागा आहेच कुठे, म्हणे. शिलाई मशीन आणायची म्हटलं, जागा खंय आसा. माझी आई राहायला येते म्हटलं, जागा खंय आसा. मी आपली गिळत गेले.

पण ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा मी म्हटलं, "वैनी, थोडे दिवस ह्यांना पलंगावर झोपू दे." बाई तांदूळ निवडत होती. मान वरसुद्धा केली नाही. "पलंगार माझो झील निजता. जागा खंय आसा?"

मुलगा पलंगावर आणि हे गॅलरीत झोपले. छातीवर टाके असलेला माणूस, आणि शेजारीपाजारी पाण्याच्या बादल्या घेऊन त्यांना ओलांडून जायचे. दीर पेपर वाचत बसलेले. तेव्हाच मनात म्हटलं, थांब बाई, तुला दाखवते.

हे रिटायर झाल्यावर आम्ही कर्जतच्या पुढे एका गावात घर घेतलं. सकाळी निघालं तर जेवायला लालबागला पोचता येईल, एवढंच लांब. निघायच्या दिवशी वैनीचा आनंद पोटात मावेना. शिडी धरून उभी. "माळो रिकामो कर हां. एक काडी पण ठेवू नको."

बरं. नाही ठेवली.

माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळलेला गणपतीचा पाट होता. सासऱ्यांच्या वडिलांनी कोकणातून आणलेला, फणसाचा. आमच्यात दरवर्षी चतुर्थीच्या आधी तो मूर्तिकाराकडे पोचवायचा. मूर्ती त्या पाटावरच घडते, त्यावरच घरी येते. विसर्जनानंतर पाट परत माळ्यावर. पाट ज्याच्या घरी, गणपती त्याच्या घरी. आणि गणपती म्हणजे वैनीचा मिरवायचा सण. दारात पैठणी नेसून ती उभी, आणि मी आत मोदक वळतेय. आरतीचं ताट कधी माझ्या हातात आलं नाही.

टेम्पोत ह्यांनी साडीचं गाठोडं ओळखलं. "अगं, हा पाट आहे!"

"माहितेय. गप बसा."

मी वाट बघत बसले नाही. नव्या घरात सामान लागलं न लागलं तोच गावातल्या मूर्तिकाराकडे पाट देऊन आले. म्हटलं, दादा, आमचा सगळ्यात आधी घ्या.

आषाढ सरता सरता फोन आला. "गो, माळ्यावरचो पाट खंय गेलो?"

"तुम्हीच म्हणालात ना वैनी, एक काडी पण ठेवू नको."

मग जी काय आरडाओरड! मी फोन ओट्यावर ठेवला आणि भाजी चिरली. पुढच्या रविवारी दीर स्वतः आले, रागाने लालबुंद. मी त्यांना सरळ मूर्तिकाराच्या कारखान्यात नेलं. पाटावर गणपती पोटापर्यंत तयार होता. दिरांनी चपला काढल्या, हात जोडले. "बसलाय तो. आता उठवणार कोण?" एवढंच बोलले.

चतुर्थीला अख्खं खानदान इकडे. दारात मी, पैठणी नेसून. आरतीचं ताट माझ्या हातात. वैनीला म्हटलं, "मोदकांचं तुम्ही बघा, तुमच्यासारखी कळी कुणाला येत नाही." झोपायला तिची गादी पडवीत घातली. आत जागा होती. चिक्कार होती. सकाळी फुलं आणायला जाणारी पोरंटोरं तिला ओलांडून जात होती. हे पलंगावरून म्हणाले, "पुरे आता." मला पुरे झालं नव्हतं. वाईट वाटलं का? छे! ह्यांचे टाके आठवले की आजही माझ्या अंगाची आग होते.

विसर्जन झालं. नदीतून पाट घरी आला, वर चिमूटभर वाळू. गाडी दारात लागली, तरी वैनी पडवीतून हलेना. शेवटी पदराशी चाळा करत म्हणाली, "पाट नेव गो आम्ही? पुढच्या वर्षी थंय लालबागलाच बसवूया."

अशी हळू बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिच्याकडे बघितलं, पडवीतल्या गादीकडे बघितलं.

"जागा खंय आसा, वैनी?"

ती गाडीत जाऊन बसली. मी पाट पुसला आणि आत नेऊन ह्यांच्या पलंगाच्या उशाशी भिंतीला टेकवून ठेवला.