हात न लावायचं विमान

विमानतळावर त्याला सगळे किडेमास्तर म्हणत. पेशाने तो कवळ्या बनवणारा. दिवसभर लोकांचे दात घासायचे, तासायचे, बसवून बघायचे, पुन्हा तासायचे. आणि काम संपलं तरी हाताला चैन नाही. घरातला मिक्सर त्याने आवाज कमी करायला उघडला. आवाज गेला, मिक्सरही गेला. बायकोने स्क्रूड्रायव्हर कुलपात ठेवला, तर पठ्ठ्या सुरीच्या टोकाने स्क्रू फिरवायला लागला.

अशा माणसाने कंपनीत बनलेलं विमान घेऊच नये. पण उडायची हौस दांडगी, म्हणून त्याने एक जुनं, दोन माणसांचं छोटं विमान घेतलं. विमान गुणी होतं. मुकाट सुरू व्हायचं, मुकाट उतरायचं. फक्त उजव्या दाराची कडी खडखडायची, आणि तेवढ्याने याचं डोकं उठायचं.

ताई तेव्हापासून मागे लागली होती. ताई म्हणजे मोठी बहीण; आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. सगळी नोकरी तिने पायी टपाल वाटण्यात काढली. "सगळ्या गल्ल्या माझ्या पायांना पाठ आहेत," ती म्हणायची, "एकदा त्या सगळ्या एकदम बघायच्या आहेत, वरून." हा म्हणायचा, "नेतो गं. ती खडखड तेवढी थांबू दे."

खडखड थांबवायला त्याने स्वतः कडी घडवली आणि बसवली. अगदी नव्या दातासारखी चपखल. वार्षिक तपासणीला मेकॅनिकने दार उघडलं आणि तो तिथेच थांबला.

"ही कुणाची?"

"माझी. आधीच्यापेक्षा चांगली आहे."

"चांगली आहेच हो. पण मी सही नाही करू शकत. कंपनीच्या विमानाला कंपनीचीच कडी लागते, आणि ती बसवणार मी. तुम्ही विमान पुसायचं, पेट्रोल भरायचं आणि उडायचं."

मूळची कडी याने कधीच वितळवून टाकली होती. नवी येईपर्यंत अख्खा मोसम गेला. विमान जमिनीवर उभं, आणि हा त्याच्याभोवती चडफडत फेऱ्या मारतोय. शेवटी त्याने ते एका बेकरीवाल्याला विकून टाकलं. ज्याला हात लावता येत नाही ते माझं कसलं, असं त्याचं म्हणणं.

मग घरी सुट्या भागांच्या पेट्या आल्या. स्वतः बांधलेल्या विमानाला स्वतः काहीही करता येतं, हे ऐकल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. गॅरेजमधली गाडी रस्त्यावर गेली, एक पंख जेवणाच्या टेबलावर आला, आणि बायको ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागली.

पत्रे जोडायचे रिव्हेट एकट्याने मारता येत नाहीत. एकाने पुढून ठोकायचं, दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा गच्च दाबून धरायचा. बायकोने आधीच कानावर हात ठेवले होते, म्हणून ठोकळा आला ताईकडे. हा विचारायचा, "धरलास?" पलीकडून आवाज यायचा, "धरलाय." मगच हा ठोकायचा. अशा किती संध्याकाळी गेल्या, मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

गेल्या त्या उगाच. कारण ठोकून झालं की हा भिंग लावून बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि चांगला बसलेला रिव्हेट उखडायचा. डावा पंख जोडला, सोडला, पुन्हा जोडला, पुन्हा सोडला. कंपनीच्या विमानाला कुणी हात लावू देत नव्हतं. इथे हात अडवणारं कुणी नव्हतं. ताई म्हणायची, "अरे, पुरे की आता." हा म्हणायचा, "एवढं एकच."

एक दिवस ठोकळा भलतीकडेच धरला गेला आणि पत्र्याला पोचा पडला. हा ओरडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "मला दिसलंच नाही रे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडून आत मिटत चाललीय. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. "जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या."

त्या दिवसापासून तो जेवताना मधेच उठायचा, गॅरेजमध्ये जायचा, हातोडी उचलायचा, ठेवायचा. एका गिऱ्हाइकाचे खालचे दात त्याने वर बसवले. इंजिन अजून पेटीतच होतं. शिवाय विमान पुरं झालं तरी आधी कितीतरी तास एकट्याने उडवून दाखवायचं, मगच दुसऱ्याला बसवता येतं, असा नियम. तोवर ताईला काय दिसणार होतं? तो बेकरीवाल्याकडे गेला आणि एका दिवसापुरतं विमान मागितलं.

"तुम्ही कवळी उसनी देता का?" बेकरीवाला म्हणाला. "विकत घेणार असाल तर बोला."

विकत घ्यायला पैसे होते कुठे? ते सगळे गॅरेजमध्ये पत्र्यांच्या रूपात उभे होते. त्याने पंख, शेपटी, इंजिन, सगळं विकलं. ताई संतापली. "इतकी वर्षं मी ठोकळा धरला तो दुसऱ्याच्या घरी जायला?"

"विमान पुन्हा बांधता येईल, ताई," एवढंच तो म्हणाला. मग रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन ढसाढसा रडला.

परत घेतलेल्या जुन्या विमानाची किल्ली देताना मेकॅनिकने बजावलं, "मास्तर, हात खिशात."

हवा स्वच्छ होती. गाव खाली आलं तशी ताई मान पूर्ण वळवून एकेक गल्ली नजरेत पकडायला लागली. नाकासमोरची तेवढीच नजर उरली होती. "अरे, ती शाळेची गल्ली! आणि तो चढ, ज्याने माझे गुडघे खाल्ले, वरून केवढासा दिसतोय बघ!"

हा "हं" म्हणाला. याचं लक्ष तिच्या कोपराशेजारी. उजव्या दाराच्या कडीवरचं झाकण खडखडत होतं. दार पक्कं बंद होतं, स्क्रू नुसता झाकणाचा, पण तो अर्धा बाहेर आला होता. याचा हात खिशाकडे गेला, आणि खिशात सुरी होती.

ताईने त्याच्याकडे मान वळवली, मग कडीकडे. जरा चाचपडून तिने त्या स्क्रूवर अंगठा ठेवला आणि गच्च दाबला. खडखड थांबली.

"धरलाय," ती म्हणाली. "आता तू बाहेर बघ."