जामसांवलीचं जावळ

पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत कोणाकडे पाळणा हलला, की सुधाबाईंना बोलावणं यायचंच. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, पोटऱ्यांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल जिरेपर्यंत चोळायचं आणि मग ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं. बाळ आधी गल्ली डोक्यावर घ्यायचं आणि नंतर हुंदके देत देत असं झोपायचं, की आईला दुपारपर्यंत निवांत. गल्लीतली जी पोरं आज नागपूरला कॉलेजात जातात, त्यांच्या आया अजून सांगतात, "हे नाक सुधाबाईनं ओढून ओढून सरळ केलं, नाई तं बापासारखं राहिलं असतं."

अशा बाईच्या स्वतःच्या नातवाला दुसऱ्याच बाईने न्हाऊ घालावं, आणि तेही प्लास्टिकच्या टबात, हे दैवाने मुद्दाम काढलेलं उट्टं होतं असं सुधाबाईंना वाटायचं.

ती दुसरी बाई म्हणजे त्यांच्या विहीणबाई, सौंसरच्या अनुराधाबाई. शाळेतून रिटायर झालेल्या, चष्म्याला साखळी लावणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. सुधाबाईंचा केतन आणि अनुराधाबाईंची मृणाल लग्नानंतर अमेरिकेत गेले, ओहायोत. मृणालला दिवस गेले तेव्हा दोन्ही घरं सुधाबाईंच्या बैठकीत बसली. पहिलं बाळंतपण माहेरचं. आता माहेर विमानात बसून तिकडे जाणार, एवढाच फरक. ठरलं असं, की आधीचे सहा महिने अनुराधाबाईंचे आणि पुढचे सहा महिने सुधाबाईंचे.

"मी पुढचेच घेते," सुधाबाई तेव्हा मोठ्या मनाने म्हणाल्या होत्या. मनात हिशोब वेगळा होता. आधीचे सहा महिने नुसती जागरणं आणि लंगोट. पुढच्या सहा महिन्यांत पोरगं हसतं, रांगतं, माणूस ओळखतं. पहिल्यांदा 'आजी' म्हणेल तेव्हा समोर आपण असू.

सातव्या महिन्यात मृणालची तब्येत बिघडली. सुधाबाई तशाच उठून जामसांवलीला गेल्या आणि निजलेल्या मारुतीसमोर पदर पसरून बोलल्या, "धड सुटका होऊ दे देवा. बाळाचं जावळ तुझ्या पायरीशी काढीन. तोवर कात्री लागू देणार नाही." अनुराधाबाई जानेवारीत निघाल्या, तेव्हा सुधाबाईंनी बाळंतविडा त्यांच्याच हाती दिला. त्यात तेलाची बाटली आणि हाताने शिवलेली झबली होती, पिवळ्या सुती कापडाची, काठाला लाल दोरा. फेब्रुवारीत निनाद झाला, सुखरूप. मार्चच्या शेवटी सुधाबाईंची मुंबईला व्हिसाची मुलाखत होती. नवी बॅग आणून झाली होती. तिळाचं तेल आणि डिंकाचे लाडू कसे न्यायचे, यावर नवऱ्याशी, अरविंदरावांशी, दोनदा भांडूनही झालं होतं.

मग कोरोना आला आणि सगळं बंद पडलं. मुलाखत रद्द, विमानं रद्द, रेल्वेसुद्धा बंद. बॅग कपाटावर चढली. डिंकाचे लाडू अरविंदरावांनी खाल्ले.

सुरुवातीला सुधाबाईंनी सगळ्या जगासारखं सोसलं. पण जुलै आला, ठरलेले सहा महिने सरले, आणि अनुराधाबाई काही परतल्या नाहीत. परतणार कशा? त्यांनी तिकडच्या सरकारकडे मुक्काम वाढवून मागितला होता. तो नामंजूर व्हावा म्हणून सुधाबाईंनी शनिवार धरले, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मुक्काम वाढला. आणखी सहा महिने. म्हणजे सुधाबाईंचेच.

"त्यांचा काय दोष त्यात?" अरविंदराव म्हणाले. ते संत्र्याचे व्यापारी, बगीचे घेऊन माल बाहेर पाठवणारे. गाड्या अडकणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. "विमानच नाई तं बाई येईन कशी? पोहत?"

"मी कुठं काय म्हणून राहिली?" सुधाबाई म्हणाल्या, आणि पोळी जरा जास्तच जोरात लाटली.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. त्यात बाळापेक्षा विहीणबाईंचा हातच जास्त दिसायचा. बाळाच्या पाठीवर हात, मानेखाली हात, तोंड पुसणारा हात. त्या हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या होत्या. बाळ त्या बांगड्या धरून उभं राहायला लागलं. सुधाबाई इकडून टाळ्या वाजवायच्या, चुटक्या वाजवायच्या, पण बाळ फोनकडे बघायचंच नाही. बांगड्यांकडे बघायचं.

"तेल लावता ना?" सुधाबाई विचारायच्या.

"लावते ना. डॉक्टरांनी सांगितलं थोडंच लावा."

"डॉक्टरनं किती पोरं न्हाऊ घातले?"

अनुराधाबाई हसायच्या. त्या भांडत नाहीत, हीच त्यांची सगळ्यात मोठी खोड होती.

गल्लीतली कुसुम दारातून जाता जाता हटकून विचारायची, "काय वो सुधाताई, कधी चालल्या अमेरिकेले?" मग स्वतःच उत्तर द्यायची, "तिथं तुमची विहीण हायच म्हणा, मंग काय काळजी."

बातम्यांत एक दिवस आलं, की परदेशात अडकलेल्या भारतीयांना सरकार विमानं पाठवून आणतंय. सुधाबाई हातातलं काम टाकून दुकानात गेल्या. अरविंदराव फोनवर होते. त्यांनी फोन ठेवून सावकाश सांगितलं, "ते भारतीयांसाठी आहे. मृणाल येऊ शकते. निनादले चढू देत नाई."

"काहून?"

"तो परदेशी आहे. तिथं जन्मला, तिथला पासपोर्ट. परदेशी लोकांचे व्हिसे बंद आहेत सध्या."

"कोण परदेशी?"

"आपला नातू."

सुधाबाई बाकावर बसल्या. "केतनचा पोट्टा परदेशी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अन् माझ्याच झबल्यात फिरून राहिला तिथं."

पुढे तो नियम सैल झाला, लहान लेकरांना येता यायला लागलं. तेव्हा केतनची अडचण निघाली. इकडे आला तर परतीच्या व्हिसाचा शिक्का मिळायचा नाही, नोकरी जायची. मृणालला एकटीने तान्हं पोर घेऊन तेवढा प्रवास नको होता. एक दार उघडलं की दुसरं लागायचं. सुधाबाईंना यातलं अर्धं कळायचं, अर्धं नाही. एवढं मात्र पक्कं कळायचं, की प्रत्येक बंद दाराच्या आतल्या बाजूला अनुराधाबाई बसलेल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवर निनाद आहे.

त्यांच्या हातात एकच दोर उरला होता. जावळ.

निनादचे केस भरभर वाढले. डोळ्यांवर यायला लागले. अनुराधाबाई त्यांची शेंडी बांधायच्या, कधी दोन शेंड्या, कधी रंगीत चिमटा. मृणालने एकदा विचारलं, "आई, समोरचे थोडेसे कापू का? फार गरम होतं त्याला."

"नाई बेटा. जामसांवलीलेच निघन जावळ. देवाले शब्द दिला आहे."

शब्द दिला होता हे खरंच. पण सुधाबाई स्वतःला फसवणाऱ्या बाई नव्हत्या. ते केस असेपर्यंत त्या पोराला इकडे यावंच लागणार होतं. केस गेले, की यायला कारण काय उरलं? 'आजी' हा शब्द तर तो शिकला होता. नोव्हेंबरातच शिकला. फोनवर सगळ्यांसमोर मान वळवून त्याने हाक मारली, "आ-जी," आणि हिरव्या बांगड्यांचा हात पुढे आला. केतन मागून म्हणाला, "अरे, ही पण आजी. ही फोनमधली आजी." सगळे हसले. सुधाबाईसुद्धा हसल्या. नंतर त्यांनी आठवडाभर त्या वेळेला देवळात जायचं काढलं.

अनुराधाबाई एकदाच्या परतल्या, पुढच्या वर्षी, निनादच्या वाढदिवसाच्या तोंडावर. पंधरवडाभर सौंसरला घरातच वेगळ्या राहिल्या. ते संपलं तशा सुधाबाई डब्यात पुरणपोळ्या घेऊन भेटायला गेल्या. जाताना ठरवलं होतं, जास्त काही विचारायचं नाही.

अनुराधाबाई वाळल्या होत्या. हातात बांगड्या नव्हत्या.

"बांगड्या?" सुधाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"तिथंच ठेवून आले. त्याला खेळायला."

म्हणजे ही बाई इथे आली तरी तिथून निघाली नाही. सुधाबाईंनी चहा घेतला, दोन घोटात संपवला. तेवढ्यात अनुराधाबाईंनी कपाटातून एक लहानशी पुरचुंडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. पिवळं सुती कापड, काठाला लाल दोरा. आपल्याच झबल्याचा तुकडा, सुधाबाईंनी ओळखला. गाठ सोडली. आत केस होते. मऊ, भुरकट, गुंडाळी करून ठेवलेले.

सुधाबाईंचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "जावळ काढलं तुम्ही."

"अहो नाही..."

"नवस माझा होता. बाळंतपण तुमचं, बारसं तिकडंच झालं, रांगला तुमच्यासमोर, बोलला तुमच्याशी. एवढी एकच गोष्ट मी माझ्यासाठी ठेवली होती विहीणबाई. तेही तुमच्याच कात्रीनं?"

अनुराधाबाईंचा मुलगा मंगेश, निनादचा मामा, आतून येऊन दारात थांबला आणि परत आत गेला.

"कात्री नाही लागली," अनुराधाबाई सावकाश म्हणाल्या. "हवं तर मृणालला विचारा. शेंडी आहे तशी आहे. हे कंगव्यातले. रोज विंचरताना दोन-चार यायचे. टाकवेना. म्हटलं, तुम्हाला पोराला हात लावायला मिळत नाही. हे तरी न्यावं."

 सुधाबाईंच्या रागाला जागा राहिली नव्हती, आणि राग नसला की त्यांच्याकडे काय उरतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी केसांवर बोट फिरवलं. वर्षभर रोज सकाळी ह्या बाईने त्या डोक्यावरून कंगवा फिरवला. आपल्या वाट्याला आलं ते कंगव्यात अडकलेलं.

"वास कसला आहे हा?" त्यांनी विचारलं.

"तिकडच्या साबणाचा. आणि थोडा तुमच्या तेलाचा. मी नेलं होतं ना, ते."

पुरचुंडी पांढुर्ण्याला आली आणि सुधाबाईंच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत राहिली. दुपारी अरविंदराव दुकानात गेले, की त्या ती उघडायच्या आणि नाकाशी धरायच्या. कुसुमने काय आणलं विहीणबाईंनी असं विचारलं, तेव्हा "चॉकलेट" म्हणाल्या.

आठ-दहा दिवसांनी मृणालचा फोन आला. निनादच्या डोक्यात फोड आले होते. घरातल्या हीटरचा घाम, केस, खाजवणं. डॉक्टर म्हणत होते, केस काढा. मृणाल थांबली होती. "तुम्ही म्हणाल तसं, आई," ती म्हणाली. सुनेने असं म्हणणं सुधाबाईंना एरवी गोड लागलं असतं.

"दाखव," त्या म्हणाल्या. मृणालने फोन निनादच्या डोक्याजवळ नेला. केस बाजूला सारले. गल्लीतल्या सगळ्या पोरांची डोकी हाताखालून गेलेल्या बाईला याहून जास्त बघायची गरज नव्हती.

फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं. पुरचुंडीतले हे कात्री न लागलेले केस पायरीशी वाहिले, तर नवस फिटत होता आणि पोर मोकळं होत होतं. पण मग कपाट रिकामं. आणि दोरही तुटला. पोराने यायचं ते नवसाच्या ओढीने नाही, आलंच तर आपल्या मनाने. त्या बराच वेळ कपाटाचं दार धरून उभ्या राहिल्या. मग सौंसरला फोन लावला.

"शनिवारी मंगेश रिकामा आहे का? मामाच्या मांडीशिवाय जावळ होत नाई."

पलीकडून अनुराधाबाईंचा आवाज आला. "आहे. मीही येऊ का?"

सुधाबाईंनी कपाटाचं दार लावलं. "या."

शनिवारी सकाळी जामसांवलीला गर्दी होती. मंगेश मास्क सावरत मांडी घालून बसला, मांडीवर पुरचुंडी. न्हावी वस्तरा पुसत आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "डोकं कुठं हाय?"

"अमेरिकेत," अरविंदराव म्हणाले.

"मंग मी काय कापू?"

"काही नको कापू. वस्तरा नुसता टेकव. तिथं त्याचा बाप मशीन फिरवते."

"म्हणजे आंघोळ इथं अन् टॉवेल तिथं," न्हावी पुटपुटला, पण त्याने वस्तरा कुंकवाला लावून पुरचुंडीला टेकवला. अरविंदरावांनी धरलेल्या फोनमध्ये केतनने मशीन सुरू केलं. तिकडे अजून शुक्रवारच होता, दिवे लागलेले. निनाद रडायला लागला. हिरव्या बांगड्या त्याच्या मुठीत होत्या. सुधाबाईंनी त्या पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं.

पायरीशी केस ठेवताना त्यांची मूठ उघडेना. अनुराधाबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही, यासाठी सुधाबाईंनी मनातल्या मनात त्यांना पहिल्यांदा गुण दिले. मग मूठ उघडली. केस नारळाशेजारी ठेवले. पिवळा तुकडा मात्र घडी करून कमरेला खोचला. कापड नवसात नव्हतं.

तोवर फोनमध्ये निनाद गुळगुळीत झाला होता. रडून थकलेला, नाक लाल. नाकाचा शेंडा जरा बसका होता. वेळेवर ओढायला हवं होतं, सुधाबाईंना वाटलं. त्याने फोनकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी."

"ओ," दोघी एकदमच म्हणाल्या.

सुधाबाईंनी अरविंदरावांच्या हातून फोन घेतला आणि आपल्या तोंडासमोर धरला. पोर बघत होतं. पहिल्यांदाच सरळ फोनमध्ये बघत होतं. त्यांनी चुटकी वाजवली. त्याने मान हलवली. बाजूला अनुराधाबाई टाचा उंचावून बघायचा प्रयत्न करत होत्या.

सुधाबाईंनी फोन थोडा तिरपा केला. विहीणबाईंचा एक कान आणि अर्धा चष्मा त्यात मावला. तेवढं पुरे, असं सुधाबाईंना वाटलं.