किशोरच्या सहीसाठी येणारा पाहुणा

मागच्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या सिडकोतल्या घरातून मी मुलाला फोन लावला, आणि जे बोलायचं ठरवलं होतं त्याच्या बरोबर उलटं बोलून बसलो. तेव्हापासून झोप धड लागत नाही... म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा किशोर शहराच्या फायर ब्रिगेडचा मुख्य अधिकारी आहे. ड्युटीमुळे त्याला स्टेशनच्या क्वार्टरमध्येच राहावं लागतं. सूनबाई, नातवंडं तिकडेच. ही गेल्यापासून इकडे मी एकटा. किशोर येतो, पण उभ्या उभ्या... कधी कधी बूटसुद्धा काढत नाही.

यंदा फायरचं बजेट कापलं. भरती थांबली, गाड्यांची दुरुस्ती थांबली. किशोरने मीटिंगमध्ये सांगितलं की एवढ्या माणसांत शहर सांभाळता येणार नाही. ते पेपरात छापून आलं आणि एक नेते चिडले. त्यांना किशोरकडून लिहून पाहिजे होतं, की आहे त्यात भागतं, कमी काही नाही. तो देत नव्हता.

हे सगळं मला नंतर समजलं. त्याच्या आधी घरात आला तो सुपडू.

सुपडू त्या नेत्यांचा माणूस. चाळिशीचा, मूळचा आमच्या सटाण्याकडचा. पहिल्यांदा आला तो दारातूनच, "आप्पा, कसा शेतस? वळखं का माले?" मी कुठला ओळखतोय... पण अहिराणी कानावर पडली आणि मी त्याला आत घेतलं. ही गेल्यावर या घरात ती बोली कोणी बोललंच नव्हतं. किशोरला समजते, पण बोलता येत नाही. नातवंडं तर हसतात.

मग तो येतच राहिला. कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणायचा, गुडघ्याला कोणतं तेल लावता ते विचारायचा. गावात कोण गेलं, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणी विहिरीवर भांडण काढलं... सगळं सांगायचा. मी दुपारपासूनच खिडकीशी बसून त्याच्या गाडीचा आवाज ऐकत राहायचो. खोटं कशाला बोलू.

हळूहळू किशोरचं नाव निघायला लागलं. "आप्पा, पोऱ्याले समजाडा. एक सही ना, काय जास?" पुढे पुढे त्याच गोड आवाजात... बदली होईल, चौकशी लागेल, रिटायर झाल्यावर पेन्शन अडकेल. मला आधीच साध्या गोष्टीची धडधड होते. दोन दोन वेळा गॅस बंद केलाय का ते बघणारा माणूस मी.

गुरुवारी तो अगदी शेजारी येऊन बसला. "लावा फोन आप्पा. मन्हा समोरच लावा." मी लावला. मनात पक्कं होतं... दे बाबा सही, आणि सुखाने नोकरी कर.

किशोरचा आवाज बसलेला होता. मी म्हणालो, "अरे, ती सही देऊन टाक ना एकदाची..." तो म्हणाला, "बाबा, शेजारी कोण बसलंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्याने ते उकरून काढलं नाही. फक्त सांगितलं, की आदल्या दिवशी एका गोडाऊनला आग लागली होती. पाण्याचा जोर आला की पाइप धरायला दोन माणसं लागतात, एकट्याला तो उचलून फेकतो. "माणूस एकच होता बाबा. दुसरा मी उभा राहिलो."

पन्नाशी उलटलेला माझा पोरगा. मागच्या वर्षी पाठीचं ऑपरेशन झालेला. तो धुरात पाइप धरून उभा आहे असं डोळ्यांसमोर आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको देऊ सही. अजिबात नको देऊ. आणि तू पाइप धरायचा नाही, सांगून ठेवतो!"

तो हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं हसू ऐकलं. "माणसं मिळेपर्यंत दोन्ही कसं जमेल बाबा?"

फोन ठेवला. सुपडू चिडला नाही, काही नाही. चहा अर्धा ठेवून उठला आणि म्हणाला, "बरं काका, निघतो मी." आप्पा नाही, काका. आणि अहिराणीही नाही... ऑफिसातला माणूस बोलतो तसं स्वच्छ मराठी.

त्यानंतर तो आलेला नाही. किशोरच्या बदलीचं काय होतंय ते अजून कळत नाही. सूनबाईचा फोन आला होता, म्हणाली, बाबा, तुम्ही बोललात त्याने त्यांना धीर आला. बरं वाटलं. पण बंबाचा आवाज आला की मी अजून उठून उभा राहतो... आज पाइप धरायला दुसरा कोण उभा असेल?

आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते. मुलाची एवढी काळजी असूनही दुपारी मी खिडकीशी जाऊन बसतोच.

सुपडू, तू फेसबुकवर असतोस मला माहीत आहे. माझा तुझ्यावर राग नाही. कामासाठी का होईना, तू माझ्याशी माझ्या बोलीत बोललास, त्याचे आभारच मानतो. सही काही मिळायची नाही. ते सोडून नुसतं बोलायला येणार असशील तर ये.